मेस्सीची छत्री, एम्बापेची कपबशी

मतदान आणि मतमोजणी यांच्यामधला काळ गावाला खायला उठतो. प्रचार संपलेला असतो, जेवणावळी संपलेल्या असतात, मशीन सील होऊन तालुक्याला गेलेलं असतं आणि वैर मात्र जागच्या जागी गरम असतं. शिव्या द्याव्या तर त्याने आता एक मतही वाढत नाही; न द्याव्या तर जीभ स्वस्थ बसत नाही. १८ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी गोंदिया जिल्ह्यातली गावंच्या गावं या अवस्थेत होती. राज्यात सात हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक लागली होती, त्यांतल्या ३४८ आमच्या जिल्ह्यातल्या. नक्षलग्रस्त भागात मतदान दुपारी तीनलाच आटोपलं, बाकीकडे साडेपाचला. मोजणी २० तारखेला. आणि नेमका त्याच रात्री साडेआठला, तिकडे कतारमध्ये लुसैलला, अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा विश्वचषकाचा अंतिम सामना. फिफाने ही तारीख ठरवताना राज्य निवडणूक आयोगाला विचारलं नसणार. पण विचारलं असतं तरी याहून सोयीची तारीख निघाली नसती.

आमच्याकडे फुटबॉलची परंपरा आहे असा कोणाचा समज होऊ नये म्हणून आधीच सांगून टाकतो. फुटबॉलचं वेड बघायचं तर कोल्हापूरला जावं. तिथे पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर भिडले की पेठेपेठेतल्या सोयरिकीसुद्धा सामना संपेपर्यंत स्थगित होत असाव्यात. नाहीतर केरळात जावं. याच विश्वचषकाच्या वेळी कोळिकोडजवळ पुल्लावूरच्या नदीत आधी मेस्सीचा तीस फुटी कटआउट उभा राहिला, मग ब्राझीलवाल्यांनी त्याच्याहून उंच नेमार उभा केला, आणि मग हे दोघे आहेत तर मी का नको म्हणून रोनाल्डो आला. आमच्या इटियाडोहच्या कालव्यात कोणी असा मेस्सी रोवला असता, तर पाणी अडवल्याचा पहिला अर्ज संध्याकाळच्या आत पडला असता.

आमचा जिल्हा धानाचा. डिसेंबरात बांध्या रिकाम्या, खळ्यावर पुंजणे, मळणी अर्धी झालेली आणि धान खरेदी केंद्रावर नंबर लावायची घाई. त्या वर्षी साध्या धानाला क्विंटलमागे २०४० रुपये हमीभाव होता. बोनसचं काय होणार हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण नागपूरचं हिवाळी अधिवेशन दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं. करमणूक म्हणाल तर मंडई, शंकरपट, कबड्डी, टेनिस बॉलचं क्रिकेट आणि रात्रभराचं झाडीपट्टीचं नाटक. चेंडू पायाने मारतात यावर आमचा आक्षेप नव्हता. पण दुसऱ्याच्या पोरांनी परदेशात मारलेल्या चेंडूसाठी आपण थंडीत का कुडकुडायचं, हा प्रश्न होता.

त्याचं उत्तर गावाने दुपारी शोधलं.

गावात पॅनल दोन. एकाचं चिन्ह कपबशी, दुसऱ्याचं छत्री. दोन्ही पॅनलचे पुढारी चुलतभाऊ. आजोबा एक, आडनाव एक, विहीर एक, कुलदैवत एक; फक्त दोघांच्या शेतांमधला धुरा दोन ठिकाणी आहे. कपबशीच्या मते तो आहे त्याच्या दोन हात पलीकडे हवा, छत्रीच्या मते दोन हात अलीकडे. दर पावसाळ्यात चिखलणीला ज्याचा ट्रॅक्टर आधी लागतो तो धुरा थोडा कोरून घेतो. मोजणी दोनदा झाली. दोन्ही वेळा मोजणारे चहा पिऊन गेले आणि खुणेचे दगड रात्रीतून चालते झाले. तेव्हापासून बोलणं बंद आहे. म्हणजे एकमेकांशी बंद. एकमेकांविषयी अखंड चालू असतं.

सरपंचपद या खेपेला महिलेसाठी राखीव आणि निवड थेट जनतेतून. त्यामुळे मशीनवर नावं दोघांच्या बायकांची. त्या एकमेकींच्या चुलत जावा. फोटो त्यांचे, नावं त्यांची आणि गावाच्या तोंडी मात्र ‘भाऊ उभे आहेत’. याबद्दल गावाला नावं ठेवणाऱ्यांनी फ्रान्सकडे बघावं. त्यांचा रीतसर कप्तान ह्यूगो लोरिस होता; रात्रभर जगात कोणी लोरिसचं नाव घेतलं? तिसरी उमेदवार म्हणजे पानठेलेवाल्याची आई. चिन्ह शिट्टी. निवडून येण्याची आशा तिलाही नव्हती, पण दोन्ही पुढाऱ्यांकडे खर्ऱ्याची उधारी थकली होती आणि वसुलीचा दुसरा मार्ग पानठेलेवाल्याला दिसत नव्हता.

आता अर्जेंटिना गावात आली कशी, ते. छत्रीने पुण्याहून आणि हैदराबादहून पोरं मतदानाला आणली. जायचं-यायचं भाडं, वाटेत जेवण, सगळं छत्रीकडे. पहाटे दोन गाड्या लागल्या आणि त्यातून सहा-सात पोरं उतरली ती निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी घालून. पाठीवर मेस्सीचा १० आकडा. ती तशीच रांगेत उभी राहिली. कपबशीचा एजंट सकाळपासून हरकतीच्या शोधातच बसला होता. त्याने लगेच केंद्राध्यक्षांना गाठलं.

“हा प्रचार आहे साहेब.”

“कशाचा?”

“दहा नंबरचा.”

“अहो, सरपंचाला तीन नावं आहेत आणि खाली नोटा. दहा नंबर आणू कुठून?”

“मंग हे पट्टे कायचे?”

केंद्राध्यक्षांची आदली रात्र शाळेच्या फरशीवर गेली होती. ते म्हणाले, “पट्टेवाल्यांची तक्रार असेल तर नवेगाव-नागझिऱ्यात करा. तिथे त्यांचं वेगळं खातं आहे.”

हरकत फेटाळली गेली, पण तेवढ्यात गावभर झालं की छत्रीवाल्यांचा अर्जेंटिना नावाचा कोणी आहे आणि रात्री त्याची कसलीशी लढत आहे. तीन वाजायच्या सुमारास कपबशी स्वतः माझ्या ओट्यावर आले. मी निवृत्त भूगोल शिक्षक. गावातल्या दोन्ही बाजूंचे अर्ज मीच लिहून देतो, म्हणून दोन्ही बाजूंना माझा तेवढाच भरवसा आहे.

“गुरुजी, हा अर्जेंटिनाच्या विरोधात कोन आहे जी?”

“फ्रान्स.”

“मंग आपन फ्रान्स,” असं म्हणून ते उठले. दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, “कोनत्या बाजूले येते ते?”

चाळीस मुलांच्या वर्गाला जे सांगून थकलो होतो, ते एका माणसाने स्वतःहून विचारलं, म्हणून मला जरा जास्तच उत्साह आला. मी ओट्यावरच्या धुळीत काडीने नकाशा काढला. इकडे फ्रान्स, तिकडे खाली अर्जेंटिना, मध्ये अटलांटिक महासागर.

ते बराच वेळ नकाशा बघत राहिले आणि म्हणाले, “मंग यायच्यात भांडन कायचं? धुरा तं लागतच नाही.”

माणूस सातवी नापास, पण प्रश्न असा की मला उत्तर सुचेना. माझं स्वतःचंही जुनं मत तेच आहे: वैर धुऱ्याचं असावं. ज्याच्याशी पाण्याची पाळी वाटून घ्यायची नाही, ज्याची म्हैस आपल्या बांधीत शिरत नाही, त्याच्याशी नुसती ओळख ठेवता येते. वैराला शेजार लागतो. अर्जेंटिना आणि ब्राझील, ही खरी भाऊबंदकी. मध्ये इग्वासू नदी, जगप्रसिद्ध धबधबाही दोघांत वाटलेला. जुलै २०२१ मध्ये कोपा अमेरिकेच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने ब्राझीलला ब्राझीलच्याच माराकाना मैदानावर १-० ने हरवलं. २२ व्या मिनिटाला दि मारियाने एकच गोल मारला आणि २८ वर्षांचा दुष्काळ फिटला. शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन त्याच्याच कोंबड्याची भाजी खाऊन येण्यासारखं हे काम. आमच्याकडे तेव्हा ११ जुलैच्या रविवारची पहाट होती, साडेपाच वाजलेले आणि रोवणीचे दिवस. अख्खं गाव पऱ्हे काढायला गुडघाभर चिखलात. एवढं अस्सल वैर आणि ते बघायला आमच्या गावातून कोणी नाही. ही हळहळ मला अजून आहे.

पण कपबशींना तसंच परत पाठवणं बरं दिसेना. मी म्हटलं, “एक गंमत आहे. फ्रान्सचा धुरा ब्राझीलला लागतो.” दक्षिण अमेरिकेत वर फ्रेंच गयाना म्हणून भाग आहे, तो आजही फ्रान्सचाच. ब्राझीलशी त्याची सातशे किलोमीटरहून लांब सीमा आहे. कपबशी उजळले. “म्हंजे त्याच्या शेजाऱ्याचा शेजारी.” आणि २०१८ च्या विश्वचषकात कझानला याच फ्रान्सने याच अर्जेंटिनाला ४-३ ने घरी पाठवलं होतं, तेव्हा एकोणीस वर्षांच्या एम्बापेने दोन गोल मारले होते, हेही सांगितलं. शिवाय २०२२ च्याच मे महिन्यात तो एम्बापे, दक्षिण अमेरिकेतला फुटबॉल युरोपाइतका पुढे गेलेला नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून बसला होता आणि ते अर्जेंटिनाच्या गोलकीपरला भलतंच झोंबलं होतं.

“म्हंजे जुना हिसाब आहे,” कपबशी म्हणाले. “तसं सांगा ना जी. धुऱ्याचं नसन तं बोलन्यावरून आहे.” आणि ते फ्रान्सचे झाले.

रात्रीची व्यवस्था अशी. छत्रीच्या अंगणात टीव्ही बाहेर काढला होता आणि घरावर डिशची छत्री; म्हणजे छत्रीकडे छत्री आधीच होती, ती काही निवडणूक आयोगाने दिलेली नव्हती. रस्त्याच्या अलीकडे, जेमतेम वीस पावलांवर पानठेला, तिथे कपबशीची मंडळी एका मोबाइलभोवती. ॲपवर सामना फुकट दिसत होता. दोन्हीकडे तणसाची शेकोटी. मी आधी पानठेल्यावर होतो, कारण तो माझ्या घराच्या बाजूला पडतो. त्यात राजकारण काही नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी छत्रीने मला तसं विचारलंच.

डिशच्या टीव्हीपेक्षा मोबाइल मागे चालतो हे विज्ञान तोवर आमच्याकडे पोचलेलं नव्हतं. २३ व्या मिनिटाला मोबाइलवर अजून दि मारिया चेंडू घेऊन पळतोय, तोच रस्त्यापलीकडून “गोल!” असा आरडाओरडा झाला. इकडे सगळे गप्प. मोबाइलमध्ये मग निवांतपणे दि मारिया पडला, शिमोन मार्चिनियाक नावाच्या पोलिश पंचाने शिट्टी फुंकली, मेस्सीने चेंडू ठेवला, मारला, गोल झाला. निकाल आधी आणि मतदान नंतर. पानठेलेवाला म्हणाला, “हे तं सोसायटीच्या निवडनुकीसारखं झालं.” शिट्टी वाजली तेव्हा त्याने मान डोलावली होती, हे कपबशीच्या लक्षात राहिलं.

३६ व्या मिनिटाला दि मारियाचा दुसरा गोल. तोही आम्ही आधी ऐकला आणि मग पाहिला. पलीकडे जर्सीवाली पोरं अंगणात गोल गोल नाचत होती. ४१ व्या मिनिटाला फ्रान्सचे प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनी मध्यंतराचीही वाट न पाहता जिरू आणि देंबेले या दोघांना बाहेर काढलं. “अर्ज मागे घ्यायची तारीख गेल्यावर उमेदवार बदलते का कोनी?” असा सवाल पानठेल्यावर झाला आणि बाकड्यावरचे दोघे उठून शांतपणे रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मतदान गुप्त असतं. पक्षांतर मात्र सगळ्यांसमोर करावं लागतं.

कपबशी जागचे हलले नाहीत. त्यांनी खर्रा सांगितला होता. खर्रा घोटणं घाईचं काम नव्हे. पानठेलेवाल्याने सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेतला, पन्नीचं तोंड मुठीत आवळलं आणि लाकडी पाटीवर ती पन्नी पुढे-मागे, पुढे-मागे रगडायला लागला. चुन्याचा पांढरा रंग सुपारीत मुरून तपकिरी होईपर्यंत हे चालतं. मग तो पन्नी उजेडाकडे धरून पाहतो, मान हलवतो आणि पुन्हा रगडतो. कपबशी त्या पन्नीकडे बघत म्हणाले, “वार्ड एक आन् वार्ड दोन फुटले. त्यायचे घर त्याच वार्डात आहेत. आपला वार्ड तीन अजून फुटाचा आहे.”

फ्रान्सचा वार्ड तीन ८० व्या मिनिटाला फुटला.

तो आम्हाला कळला तो आवाजाने नव्हे, आवाज बंद झाल्याने. पलीकडचं अंगण एकदम गप्प झालं. कोणी म्हणालं लाइन गेली वाटते. पण दिवा तर दिसत होता. मोबाइलवर तेव्हा फ्रान्सचा खेळाडू अजून पेनल्टी बॉक्समध्ये पोचायचा होता. मग तो पडला, पेनल्टी मिळाली आणि एम्बापेने ती घातली. पानठेल्यावर नाच सुरू झाला न झाला तोच पलीकडून दुसरा, अधिक खोल असा “बाप्पा!” आला. पहिल्या गोलनंतर जेमतेम दीड मिनिटात एम्बापेने दुसरा मारला होता. आम्ही एका गोलचा आनंद करत असताना दुसऱ्याची बातमी शत्रूकडून मिळाली. सबंध आयुष्यात त्या दोन घराण्यांत झालेला हा बहुधा एकमेव उपयुक्त निरोप.

एम्बापेचं नाव तोवर गावाने ‘एम बाप्पा’ असं करून घेतलं होतं. एरवीही दर वाक्याला ‘बाप्पा’ म्हणणाऱ्या भागात याहून सोपं नाव मिळणं कठीण.

९० मिनिटं संपली, २-२. जादा वेळ. आणि इथे कपबशींच्या पुतण्याचा दिवसाचा डेटा संपला. स्क्रीनवर चकरी फिरायला लागली. दुसऱ्याचा मोबाइल लावला तर त्याची बॅटरी चार टक्के. तिसऱ्याकडे बटणाचा फोन. पलीकडे अंगणात टीव्ही ढळढळीत चालू. कपबशींनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा मोबाइलकडे, एकदा माझ्याकडे. मी खाली बघितलं. असल्या वेळी भूगोल शिक्षकाने खाली बघावं.

मग ते उठले. पण तसेच नाही गेले. त्यांनी आधी पुतण्याला घरी पाठवलं आणि स्वतःची लाल प्लास्टिकची खुर्ची मागवली. ती डोक्यावर घेऊन पुतण्या पुढे, कपबशी मागे, त्यांच्या मागे आम्ही आठ-दहा जण. धुऱ्याचं भांडण लागल्यापासून भावाच्या अंगणात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. छत्रीच्या माणसांनी बसायला सतरंजी पुढे केली. कपबशींनी ती नुसती बघितली आणि स्वतःची खुर्ची ठेवून तिच्यावर बसले. दुसऱ्याच्या अंगणात, पण स्वतःच्या बैठकीवर. हा तोडगा आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतो असं मला वाटतं. वकिलाती याच तत्त्वावर चालतात.

दोन्ही भाऊ बोलले नाहीत. ते टीव्हीशी बोलले.

“काही लोकायले आयता टीव्ही लागते,” छत्री टीव्हीला म्हणाले.

“काही लोकायचा टीव्ही रोजगार हमीच्या पैशातला आहे,” कपबशी टीव्हीला म्हणाले.

टीव्हीने दोन्ही ऐकून घेतलं आणि १०८ व्या मिनिटाला मेस्सीचा गोल दाखवला. फ्रान्सच्या कुंदेने चेंडू बाहेर ढकलला होता, पण तोवर तो रेषेच्या आत जाऊन आला होता. हरकत, तपासणी, मग गोल मान्य. कपबशी उसळले, “शंभर मीटरच्या आत त्यायचे कार्यकर्ते होते!” हे ते का म्हणाले कोण जाणे, पण पुढच्या काही दिवसांत फ्रान्सच्या एका बड्या क्रीडा दैनिकाने अगदी हीच हरकत घेतली. गोल होताना अर्जेंटिनाचे राखीव खेळाडू रेषा ओलांडून मैदानात आले होते, म्हणून तो गोल बाद करायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. पंच मार्चिनियाक यांनी पत्रकारांसमोर स्वतःचा मोबाइल काढून फोटो दाखवला: एम्बापेच्या गोलच्या वेळी फ्रान्सचे सात जण मैदानात होते. आमचे केंद्राध्यक्षही असेच निघाले. त्यांनी दोन्ही पॅनलचे कार्यकर्ते शंभर मीटरच्या आत मोजून ठेवले होते.

११८ व्या मिनिटाला एम्बापेची पुन्हा पेनल्टी, पुन्हा गोल. ३-३. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तीन गोल मारणारा १९६६ च्या जेफ हर्स्टनंतरचा हा दुसराच, असं मी सांगितलं. ऐकलं कोणी नाही. अकरा वाजून गेले होते तरी उठत मात्र कोणी नव्हतं. शहरातली माणसं जादा वेळ म्हटलं की घड्याळ बघतात. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला ती सवयच नाही. आमचं नाटक या वेळेला सुरू होतं आणि नायकाची आई मरेपर्यंत पहाट होते.

आता पेनल्टी शूटआउट होणार हे समजल्यावर शेकोटीजवळच्या एका म्हातारीने फार मोलाचा प्रश्न केला. “बरोबर झाली तं चिठ्ठी टाका ना. लाता कायले मारता?”

ग्रामपंचायतीत समसमान मतं पडली की ईश्वरचिठ्ठी निघते, हे आमच्या पाचवीच्या पोरालाही ठाऊक आहे. आणि म्हातारीचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. १९६८ साली युरोपच्या स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांची उपांत्य लढत जादा वेळेनंतरही ०-० राहिली, तेव्हा नाणं उडवूनच निकाल लावला होता. इटली अंतिम फेरीत गेली आणि चॅम्पियनही झाली. ते लोकांना रुचलं नाही आणि दोन वर्षांनी लाथांची पद्धत आली. मला विचाराल तर चिठ्ठी जास्त माणुसकीची आहे. चिठ्ठीत हरणारा देवाला बोल लावून मोकळा होतो. पेनल्टी चुकवणाऱ्याला ती सोयसुद्धा नाही.

एम्बापेने घातली, मेस्सीने घातली. मग फ्रान्सच्या कोमानचा फटका त्याच झोंबलेल्या गोलकीपरने, एमिलियानो मार्तिनेझने, अडवला. चुआमेनी आला तेव्हा या मार्तिनेझने चेंडू त्याच्या हातात न देता लांब भिरकावून दिला. बिचारा चालत जाऊन घेऊन आला आणि बाहेर मारून बसला. “हा तं आपला एजंट होय,” जर्सीवाल्यांपैकी एकजण ओरडला. खरंच होतं. दुपारी छत्रीच्या एजंटनेही हेच केलं होतं. सत्तर वर्षं त्याच गावात राहिलेल्या बाईला केंद्रात अडवून “हीच ती कशावरून?” असं विचारत राहिला, ती इतकी गोंधळली की सरपंचाचं बटण दाबून बाकीची न दाबताच निघाली आणि मशीन शिट्टी न वाजवता तसंच ताटकळलं. त्या दिवशी दोन्ही खपून गेलं.

दिबाला, पारेदेस, कोलो मुआनी. आणि शेवटी मोंतिएलने घातली. ४-२. १९७८ आणि १९८६ नंतर अर्जेंटिनाचा हा तिसरा विश्वचषक. अंगणात गुलाल उधळला गेला. तो मतमोजणीसाठी आणून ठेवलेला गुलाल होता आणि त्यावरून छत्रीने पोरांना जी शिवी दिली ती टीव्हीला उद्देशून नव्हती.

कपबशी बक्षीस समारंभ संपेपर्यंत बसून राहिले. बक्षीस किती, हे त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, ४ कोटी २० लाख डॉलर, म्हणजे साडेतीनशे कोटी रुपयांच्या घरात. दोन्ही भावांनी एकाच वेळी सुस्कारा सोडला आणि एकाच वेळी मनातल्या मनात सिमेंट रस्त्याचा हिशेब केला, हे मी शपथेवर सांगतो. दोघांची बोटं हलत होती. कतारच्या अमिरांनी मेस्सीच्या खांद्यावर काळा, सोनेरी काठाचा झिरझिरीत झगा घातला. त्याला बिश्त म्हणतात, तिथे मानाचा असतो. गावाला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. एकानेच विचारलं, “शाल झाली, नारळ कुठी आहे?”

उमेदवार बायका दोघी या सगळ्यात कुठे होत्या, असं कोणी विचारेल. त्या स्वयंपाकघरात होत्या. त्यांचं आपसातलं बोलणं कधी बंद नव्हतंच. निवडणुकीच्या धामधुमीत आठवडाभर भेट नव्हती, एवढंच. रात्री बाराला चहा आला तो दोघींनी मिळून केलेला. कपबशीत.

२० तारखेला मोजणी झाली. सरपंचपदाला छत्री सात मतांनी निवडून आली. शिट्टीला त्रेचाळीस मतं पडली, आणि ती कोणाची कापली यावर गावात अजून दोन सिद्धांत आहेत. वार्ड दोनमध्ये बरोबरी झाली, सहा वर्षांच्या पोराने चिठ्ठी काढली आणि ती जागा कपबशीला गेली.

त्याच आठवड्यात कपबशी पुन्हा माझ्या ओट्यावर. सोबत कोरा कागद आणि पेन. सरपंचाच्या निकालाविरुद्ध अर्ज लिहायचा होता. मी त्यांना पेपरातली बातमी दाखवली की अंतिम सामना पुन्हा खेळवा म्हणून फ्रान्समध्ये अर्ज निघालाय आणि त्यावर दोन लाखांच्या वर लोकांनी सह्या केल्यात. त्यांना फार बरं वाटलं. पण मास्तरकीच्या सवयीने मी पुढचंही सांगितलं: फ्रान्सने रडणं बंद करावं, असा उलटा अर्ज अर्जेंटिनावाल्यांनी काढलाय आणि त्यावर सहा लाखांहून जास्त सह्या आहेत.

“आपल्याले सह्या नाही लागत,” कपबशी म्हणाले. “मुद्दे लिहा.”

मुद्दा क्रमांक एक, शिट्टी. मुद्दा क्रमांक दोन त्यांनी स्वतः सांगितला आणि मी एक अक्षरही न बदलता उतरवून घेतला: ‘मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत सहा ते सात मेस्सी आढळून आले.’

अर्ज रीतसर दाखल झाला. बाबूंनी तो दोनदा वाचला, शिक्का मारला आणि पोच देताना विचारलं, “यांची नावं मतदार यादीत होती का?”

“होती ना जी,” कपबशी म्हणाले. “माहेच पुतणे होत सारे.”